चाळीस वाव

मित्रांनो, या परसातल्या पडवळाच्या मांडवाला चार खांब आहेत. तीन सुपारीचे आहेत. चौथा जरा सडपातळ, काळपट आणि मध्यभागी दोरी गुंडाळलेला आहे, तो मी. पण मी खांब नाही, भाला आहे. जुना आहे हे निराळं सांगायला नको. नवा भाला पडवळाखाली कोणी उभा करत नाही. पडवळांविषयी माझी तक्रार नाही. ती जमिनीकडे टोक करून निमूट खाली येतात. भाल्यानंही नेमकं तेच करायचं असतं, आणि मला ते शिकायला चार वर्षं लागली.

माझा जन्म फोंडाघाटाच्या पायथ्याला चिवारीच्या बेटात झाला. चिवार म्हणजे आतून जवळजवळ भरीव असलेला बांबू. दिसायला बारीक, पण मोडायला जड. एका दिवाळीनंतर कोयता आला, मग बैलगाडी आली, आणि मी कर्ली खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात येऊन पडलो. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथली काही माणसं अजूनही मानतात की पुण्याच्या फितीत खोट होती, आणि मला उरलेले दिवस या परसात सुखानं काढायचे आहेत.

त्या गावात मी तरीची, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीची, काठी झालो. खाडीवर पूल नव्हता. माणसं, शेळ्या, लग्नाची वऱ्हाडं आणि मासळीच्या टोपल्या, सगळं तरीनं पलीकडे जायचं. तर चालवायचा सत्यवान तारी. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. सकाळ-संध्याकाळ तर आणि मधल्या वेळात हायस्कूल, असा त्याचा दिवस. बाप दर्यात गेलेला. त्याला वाढवला तो मामानं, गणपतमामानं. हा मामा गलबतावरचा जुना तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य. तो आता किनाऱ्यावर बसून काथ्याच्या दोऱ्या वळायचा आणि गावाला शहाणपण द्यायचा. दोऱ्या टिकाऊ असत.

ओहोटीला तर काठापर्यंत पोचत नसे. मध्ये गुडघाभर चिखल. अशा वेळी सत्यवान माझ्या बुडख्याला दोरी बांधायचा, तरीत उभा राहून मला काठाच्या दिशेनं भिरकवायचा, आणि मी चिखलात रुतलो की दोरी ओढत तर पुढे न्यायचा. ही त्याच्या बापाची रीत होती. बाप त्याची काठी आठ-दहा हात फेकत असे. सत्यवान कितीही फेकायचा. एकदा त्यानं मला इतकं लांब फेकलं की दोरीच हातातून निसटली आणि अख्खी तर मध्येच अडकली. तरीत बांगड्यांची टोपली घेऊन हौसाबाई बसली होती.

"सत्या," ती म्हणाली, "आता माकाव तशीच फेक पलीकडे. भरती येईसर माझे बांगडे कुसतले."

त्याच तरीत हायस्कूलचे हेडमास्तर परशुरामपंत बसले होते. त्यांना बांगड्यांचं सोयरसुतक नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी मुंबईहून मैदानी खेळांच्या नियमांचं एक पुस्तक मागवलं होतं, आणि ते पुस्तक कशाला तरी लागू पडावं अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती.

"सत्यवान," ते म्हणाले, "तू जे करतोस त्याला भालाफेक म्हणतात."

"माका वाटला, हेका तर ओढणा म्हणतत," सत्यवान म्हणाला.

अशा रीतीनं १९५३ साली माझी बढती झाली. मला साडेआठ फुटांवर कापलं. गावच्या लोहारानं लोखंडी टोक बसवलं. मधोमध दोरी गुंडाळली ती गणपतमामानं, आणि ती अजून सुटलेली नाही. मी त्या लोहाराचा, त्या हेडमास्तरांचा आणि पुढे येतंय त्या सगळ्यांचा ऋणी आहे. एरवी तरीच्या काठीचं आत्मवृत्त ऐकायला तुम्ही थांबला नसता.

सराव ओहोटीच्या वाळूत चालायचा. ओली वाळू भाल्याला आईसारखी असते. कसाही पडा, पोटात घेते. प्रश्न होता मोजायचा. शाळेत फूटपट्टी होती, ती एक फुटाची. लांब फीत मागवणारा अर्ज १९५१ साली जिल्ह्याच्या कचेरीत गेला होता आणि तिथेच राहिला होता. तेव्हा गणपतमामा पुढे आला.

"फीत कित्याक व्हयी? मी आसंय मरे," तो म्हणाला.

त्यानं काथ्याची एक लांब दोरी वळली आणि वावेनं मोजून गाठी मारल्या. वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर. दर्यावरची माणसं पाण्याची खोली वावेनं सांगतात, नांगराची दोरी वावेनं मोजतात. मामा तीस वर्षं तेच करत आला होता. गावातल्या विहिरींच्या दोऱ्या, होड्यांचे दोर, गुरांची दावी, सगळं त्याच्याच हातांतून मोजून जायचं. आणि त्याची एक रीत होती: घेणाऱ्यानं मागितल्या तेवढ्या वाव मोजून झाल्या की एक वाव तो फुकट जास्त सोडायचा. "ही दर्याची," म्हणायचा. दर्या कधी किती मागेल हे सांगता येत नाही, म्हणून.

आता मामाविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. मामा बुटका होता. शिवाय पंधराव्या वर्षी, खलाशी असताना, शिडाची आडवी काठी खांद्यावर पडल्यामुळे त्याचा डावा हात कोपरात पुरता सरळ होत नसे. हे सगळ्या गावाला दिसत होतं. पण रोज दिसणाऱ्या गोष्टीचा कोणी विचार करत नाही.

तीन वर्षांत मी तीस गाठी ओलांडल्या, मग पस्तीस. १९५६च्या शिमग्याच्या सुमाराला एका संध्याकाळी मी वाळूत रुतलो तो चाळिसाव्या गाठीपाशी.

"चाळीस!" मामा ओरडला. "मेल्या सत्या, चाळीस वाव! इतक्या पाण्यात नांगर टाकूचो म्हटलो तर माझी दोरी संपात!"

परशुरामपंतांनी पुस्तक काढलं. एक वाव म्हणजे सहा फूट, असं त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकात होतं. त्यांनी चाळीसला सहानं गुणलं.

"दोनशे चाळीस फूट," ते म्हणाले. "सत्यवान, या मुंबई राज्यात इतका लांब भाला कोणी फेकत असेल असं मला वाटत नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. खरोखरच कोणी फेकत नव्हतं. आम्हीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात एक फळा लागला. निळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत: भालाफेक, सत्यवान तारी, २४० फूट. शाळा समितीचे अध्यक्ष भाईशेट, सुपारीचे व्यापारी. त्यांनी स्वतःच्या हातांनी तो टांगला आणि जाहीर केलं की सत्यवान पुण्याहून पहिला नंबर घेऊन आला की त्याला शाळेत खेळाचा मास्तर नेमायचा. त्या वर्षी सत्यवान मॅट्रिक झाला होता. तरीवरच्या उतारूंपेक्षा त्याला शाळेतली मुलं आवडायची. ती भरतीची वाट बघत कुरकुरत नाहीत. मास्तर व्हायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. तो ते बोलत नसे, पण मला फेकण्याआधी त्याच्या मुठीत ते कळायचं.

१९५७च्या जानेवारीत आम्ही राज्याच्या सामन्यांसाठी पुण्याला निघालो. मला एस.टी.च्या टपावर बांधलं. फोंडाघाटाला गाडी चहाला थांबली, तेव्हा लांबून माझं बेट दिसलं. माझे भाऊबंद वाऱ्यावर डोलत होते. त्यांच्यातले बरेच पुढे टोपल्या झाले. टोपली होणं वाईट नाही, पण टोपलीला कोणी पुण्याला नेत नाही.

पुण्यात मला तराजूत घातलं. किंचित कमी भरलो. सत्यवाननं बाजारातून तांब्याची तार आणून माझ्या टोकामागे गुंडाळली आणि मग मी कायदेशीर झालो. मैदान कडक होतं. वाळू नव्हती. पहिल्या फेकीला मी सवयीप्रमाणे कसाही पडलो, म्हणजे आडवा, आणि फेक बाद झाली. पोटात घेणारं तिथे कोणी नव्हतं. दुसऱ्या फेकीला टोक खाली ठेवलं. तिसऱ्या फेकीला सत्यवाननं आयुष्यातला सगळा जोर लावला. मी वर गेलो आणि वरून मला सगळं पुणं दिसलं असं म्हणणार होतो, पण खरं सांगायचं तर दिसलं फक्त मैदान. पण मी नीट उतरलो, टोकावर.

फीत धरणाऱ्या म्हाताऱ्या पंचांनी आकडा सांगितला. "एकशे अठ्ठ्याहत्तर फूट, चार इंच."

सत्यवान फितीपाशी वाकला. "पुन्हा मोजाल का?"

त्यांनी पुन्हा मोजलं. तोच आकडा. त्यानं तिसऱ्यांदा विनंती केली. पंचांनी तिसऱ्यांदा मोजलं, मग त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर त्याला बोलावून एक जुनी शंभर फुटी फीत त्याच्या हातात दिली. तिच्या टोकाचे तीन इंच झिजले होते. त्यांनी तेही सांगितलं.

"घे. तुझी शंका इथे फिटणार नाही. घरी जाऊन मोज."

मी त्या पंचांचं नाव ऐकलं नाही. ऐकलं असतं तर इथे घेतलं असतं.

सत्यवानचा तिसरा नंबर आला होता. त्याला त्याचं प्रमाणपत्र मिळालं, आणि त्यानं ते वळकटीच्या तळाशी ठेवलं, जणू काही ती उधारीची चिठ्ठी आहे.

गावात परत आलो तेव्हा तरीवर सगळे जमले होते. भाईशेटनी हारही आणला होता, पण तो त्यांनी पाठीमागे धरलेल्या हातातच राहिला. "किती?" एवढंच त्यांनी विचारलं. आकडा ऐकल्यावर गावाचा एकच उद्योग झाला: हरवलेले साठ फूट शोधणं. कोणी म्हणालं पुण्याची हवा जड. कोणी म्हणालं, त्यांची फीत ताणून ढिली झालेली असतली. कोणी म्हणालं, कोकणातल्या झिलाक फसवल्यानी. हेडमास्तरांनी समुद्रसपाटीपासून उंचीचा मुद्दा काढला, तो कोणाला कळला नाही म्हणून सर्वांना पटला. नंबर कितवा आला हे मात्र कोणीच विचारलं नाही. साठ फूट ज्याच्या गावातून चोरीला गेलेत, त्यानं नंबराचं काय करायचं?

शेवटी भाईशेटनीच तोडगा काढला. सत्यवानला पुण्यात ताप होता असं धरायचं, फळा आहे तसा ठेवायचा, आणि पुढच्या रविवारी समितीची सभा घेऊन त्याला मास्तर नेमायचं. गाव खूष झालं.

सत्यवाननं दुसऱ्या दिवशी पहाटे ओहोटीला मला आणि ती दोरी घेऊन वाळू गाठली. चाळीस गाठींची दोरी ताणून अंथरली आणि तिच्या बाजूनं पुण्याची फीत लावली, झिजलेले तीन इंच सोडून. शंभर फुटांना खूण केली, फीत पुढे सरकवली. एकशे अठ्ठ्याहत्तर फूट चार इंच कुठे येतात ते त्यानं बोटानं धरलं. चाळिसावी गाठ तिथून जेमतेम हातभर पुढे होती.

म्हणजे मी पुण्यात कमी पडलो नव्हतो. मी घरी इतकाच पडत होतो.

सत्यवान वाळूत बसला. भरतीचं पाणी पायांना लागेपर्यंत बसला. मी त्याच्याशेजारी रुतून उभा होतो आणि मला त्याचं म्हणणं ऐकू येत होतं, तो काही बोलत नसला तरी. खरं सांगावं तर नोकरी जाते. त्याहून वाईट म्हणजे मामा जातो. ज्याच्या वावेवर अख्ख्या गावाच्या विहिरी आणि होड्या बांधलेल्या, त्या तांडेलाची वावच खोटी, ही गजाल गावाला पिढ्यान् पिढ्या पुरली असती. आणि खरं नाही सांगावं, तर ज्या फळ्यावर खोटा आकडा लिहिलाय त्याच्याखाली उभं राहून मुलांना रोज शिकवायचं.

तो मामाकडे गेला. मामा होडीच्या सावलीत काथ्या पिळत बसला होता.

"मामा, वायच उभो रव."

"कित्याक?"

"हात पसर."

"ह्या वयात माझ्याकडसून कवायत करून घेतंस? मास्तर होवच्या आधीच?" पण तो उठला. त्यानं हात पसरले. सत्यवाननं फीत लावली.

"किती?"

"साडेचार फूट."

"नि व्हये किती?"

"सा."

मामानं हात खाली घेतले नाहीत. वाळत घातलेल्या जाळ्यासारखा तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

"म्हणजे पुण्याच्या लोकांनी चोरूक नाय तर."

"नाय."

"चोर मीच."

"तसां नाय मामा. मी समितीक सांगतंय, मीच मोजूक चुकलंय म्हणान."

"दोरी कोणाची?"

"तुझी."

"गाठी कोणी मारलेल्यो?"

"तू."

"मगे तू कसो चुकलंस? मास्तर होवक निघालास नि पयल्याच दिसाक खोटा बोलतंस?" आता त्यानं हात खाली घेतले. "तीस वर्सां ह्याच वावेन पाणी मोजलंय. माझ्या सात वाव झाल्यो की माझा गलबत तरता, इतक्या माका म्हायत होता. एकदाव खडकार चढूक नाय. माझी वाव माझ्या गलबताक पुरली, सत्या." मग जरा थांबून म्हणाला, "तुकाच कमी पडली."

रविवारी सभा भरली. मला पुरावा म्हणून कोपऱ्यात उभं केलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी स्वतः पाहिलेलं आहे. समितीत पुस्तकी मराठी बोलायची पद्धत होती. ती साधारण दहा मिनिटं टिकायची. भाईशेटनी "सन्माननीय सभासदहो" म्हणून सुरुवात केली. सत्यवान उठून उभा राहिला. त्याच्या हातात फीत होती. तो तोंड उघडणार इतक्यात दारातून गणपतमामा आत आला. इस्त्रीचा सदरा घातलेला. आजवर तो सदरा त्यानं फक्त लग्नांना घातला होता.

"गणपत, हय तुझा काय काम?" भाईशेटची दहा मिनिटं संपली.

"मोजणी," मामा म्हणाला. तो फळ्याखाली जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि त्यानं हात पसरले. उजवा सरळ, डावा कोपरात वाकलेला. "हेडमास्तरानू, फीत घेवा. ही माझी वाव. मोजा."

परशुरामपंतांनी मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मग खडूनं शेजारच्या काळ्या फळ्यावर लिहिलं: चाळीस गुणिले साडेचार. एकशे ऐंशी. खाली त्यांनी स्वतःची सही केली, कारण एक वाव म्हणजे सहा फूट हे त्यांनीच पुस्तकातून काढलं होतं, आणि पुस्तकाला मामाचा डावा हात माहीत नव्हता.

मग मागून एका सभासदाला स्वतःची विहीर आठवली.

"म्हणजे आमच्यो इहिरीच्यो दोऱ्योव आखूड?"

खोलीत एकदम कुजबुज झाली. मामाचे हात अजून पसरलेलेच होते.

"तुमच्या दर दोरीक मी एक वाव दर्याची सोडलंय," तो म्हणाला. "कोणाची कळशी पाण्याक पोचूक नाय, तेना सांगा."

सगळ्यांच्या कळश्या पोचत होत्या. त्या सभेत प्रत्येक जण स्वतःच्या विहिरीचा तळ डोळ्यांपुढे आणत होता, असं मला वाटलं.

भाईशेट सत्यवानकडे वळले. "मगे पुण्यात खरा किती?"

"एकशे अठ्ठ्याहत्तर फूट चार इंच."

"नि नंबर?"

"तिसरो."

"कितक्यांत?"

"एकेचाळीस."

"आख्ख्या राज्यात?"

"होय."

"मेल्या, ह्या आदी कित्याक सांगूक नाय?"

"कोणी इचारूकच नाय," सत्यवान म्हणाला.

भाईशेटनी इकडेतिकडे बघितलं, मग खाली बघितलं, मग मामाला म्हणाले, "गणपत, आता हात खाली घे रे बाबा. माझेच दुखाक लागले."

सत्यवानला त्याच दिवशी मास्तर नेमलं. ठरावात काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही, पण एका सभासदानं म्हटलं ते ऐकलं: जो मास्तर स्वतःचे साठ फूट सोडायला फीत घेऊन आला, तो आमच्या पोरांचे मार्क वाढवणार नाही, हे चांगलं की वाईट, ते निकालाच्या दिवशी बघू. तो शेरा खराच ठरला. सत्यवान मास्तरांनी एकाही मुलाला अर्धा इंच वाढवून दिला नाही. भाईशेटच्या मुलालाही नाही.

फळ्यावर नवा आकडा रंगवला. पण रंगाऱ्यानं जुन्यावरच एक हात मारला होता. दर पावसाळ्यात भिंतीला ओल आली की १७८ च्या पोटातून २४० फिकट वर यायचे, आणि दिवाळीला परत आत जायचे. मास्तरांनी ते कधी खरडून काढू दिलं नाही. मुलांनी विचारलं की सगळी हकीकत सांगायचे, मामाच्या डाव्या हातासकट.

त्यांचा शिकवण्याचा पहिला तास नेहमी एकच असे. नवीन वर्गाला शाळेच्या मागच्या भिंतीशी उभं करायचं, प्रत्येकाला हात पसरायला लावायचे, आणि दोन्ही बोटांपाशी कोळशानं खूण करून नाव लिहायचं. मग त्या मुलानं स्वतःची वाव फीत लावून मोजायची. "दुसऱ्याचं मापायच्या आधी आपलं माप माहीत हवं," एवढंच ते म्हणायचे.

"सत्यवान, ही कवायत आहे की शिंपीकाम?" परशुरामपंत विचारायचे. पण एके दिवशी शाळा सुटल्यावर ते भिंतीशी एकटेच हात पसरून उभे असलेले मी पाहिले. कोळसा त्यांनी स्वतःच आणला होता.

ती माझी भरभराटीची वर्षं. शेकडो हातांनी मला फेकलं. काहींनी लांब, काहींनी शेजारच्या वाडीत. एकदा मी एका फणसात रुतलो आणि तो पिकलेला निघाला. त्या दिवशी माझं जेवढं कौतुक झालं तेवढं पुण्यातही झालं नव्हतं.

मग १९६२ साली, अकरा वर्षांपूर्वीच्या अर्जाला उत्तर म्हणून, जिल्ह्याकडून शाळेला फीत आली आणि तिच्यासोबत, न मागता, धातूचा एक चकचकीत भाला. माझी जागा अडगळीच्या खोलीत गेली. तिथे मी पंधरा ऑगस्टला झेंड्याची काठी आणि इतर दिवशी कोळिष्टकं काढायचं साधन होतो. मी कुरकुर करणार नाही. कोळिष्टकं काढणं हे जरूर काम आहे. पण फेकलं जाण्याची सवय लागलेल्याला नुसतं टेकून राहणं जड जातं, एवढंच म्हणेन.

मला बाहेर काढलं ते शेवंतीनं. ही तरीवरच्या हौसाबाईची नात. खांद्यावर मासळीची टोपली वाहून तिचे हात दोरखंडासारखे झाले होते. मुलींचा भाला आखूड आणि हलका लागतो. शाळेकडे तो नव्हता, आणि त्याच्यासाठी अर्ज केला तर शेवंतीची नात फेकेल, हे मास्तरांना ठाऊक होतं. तोपर्यंत माझी शेपटी थोडी फुटलीच होती. मास्तरांनी ती फूटभर कापली, मला सगळीकडून तासून हलका केला आणि लोहाराकडून लहान टोक बसवून आणलं. मधली दोरी मात्र मामाचीच ठेवली.

हौसाबाई शाळेत येऊन भांडली. "चेडू भालो फेकतला? मगे टोपली कोण उचलतला?"

"मावशी, तुया माका एकदा सांगितलं होतंस, माका पलीकडे फेक म्हणान," मास्तर म्हणाले. "माका काय जमूक नाय. तुझ्या नातीक तरी जांव दी."

हौसाबाईनं पदर खोचला. "सांजची टोपली तिनाच उचलूक व्हयी," म्हणाली, आणि गेली. ती परवानगी होती.

१९६६ साली रत्नागिरीला जिल्ह्याच्या सामन्यात शेवंतीनं मला फेकलं. मैदान कडक होतं, पण आता मला टोकावर उतरायची सवय होती. पंचांनी आकडा सांगितला: एकतीस मीटर पंचावन्न. सरकारनं तोवर फूट काढून मीटर आणले होते. पहिला नंबर. मी उचलला गेलो तेव्हा माझ्या अंगात गाठीपासून गाठीपर्यंत एक उभी चीर गेलेली होती. माझी ती शेवटची फेक, आणि मी तिच्याबद्दल कोणाशीही अदलाबदल करणार नाही.

परत आल्यावर मास्तर मला आणि शेवंतीला घेऊन थेट मामाच्या घरी गेले. मामा ओट्यावर बाजल्यावर पडून होता. दृष्टी गेलेली, बोलणं अर्धं. त्यानं हात लांब केला, माझ्या मधल्या दोरीवरून बोटं फिरवली आणि मला ओळखलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"एकतीस मीटर पंचावन्न," शेवंती म्हणाली.

"मीटर म्हणजे काय ता माका कळणा नाय."

मास्तर बाजल्याशेजारी बसले. बोटांवर हिशेब केला. आधी मीटरचे फूट केले, मग फुटांना साडेचारानं भागलं.

"तेवीस वाव, मामा."

"कोणाच्या वावेन?"

"तुझ्या."

मामाचा डावा हात चादरीवर थोडा उघडला, जेवढा उघडायचा तेवढा. "नि दर्याची एक?"

मास्तर काही बोलणार होते. पण शेवंतीच पुढे वाकली.

"ती मी माझ्याकडे ठेवलंय, आजोबा," ती म्हणाली. "फुडल्या वर्साक."

मामा हसला. पुढल्या वर्षी तो नव्हता, पण शेवंतीनं ती जास्तीची वाव फेकली, नव्या भाल्यानं, वर चार बोटं जास्त. मास्तरांनी मला मामाच्या परसात आणून उभं केलं. पडवळाचं बी लावलं.

तर मित्रांनो, मी कृतज्ञ आहे. ज्या आखूड हातांनी आम्हाला दोनशे चाळीस फूट दाखवले, त्या हातांमुळे आम्ही पुण्याला जायचं धाडस केलं; खरा आकडा माहीत असता तर आम्ही खाडीवर तर ओढत बसलो असतो. आणि ज्या फितीनं ते साठ फूट काढून घेतले, तिच्यामुळे उरलेले एकशे अठ्ठ्याहत्तर आमचे झाले. माझी मागणी लहान आहे. तुमच्या घरात एखादी जुनी काठी असेल, जुनी दोरी असेल, वाकड्या हाताचा एखादा म्हातारा असेल, तर वर्षातून एकदा त्यांच्याजवळ बसा. काठीला तेलाचं बोट लावा, म्हाताऱ्याला काय काय मोजलं ते विचारा. फीत खरीच वापरा. आणि मोजून झालं की, हात आखडता न घेता, एक वाव जास्त सोडा.